सुईच्या आधीचा अग्नी: चिनी वैद्यकातील उष्णोपचाराचा आरंभकाळ

अ‍ॅक्युपंक्चर शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉक्साचा उपचार, म्हणजे एका विशिष्ट वनस्पतीच्या पानांची लोकर अंगावर किंवा अंगाजवळ जाळून दिलेली उष्णता, सुईच्या उपचाराइतकाच जुना आहे का? उपचारकेंद्रांच्या पत्रकांत छापतात तसा तो ‘पाच हजार वर्षांचा सौम्य शेक’ आहे का? आणि त्याचे मूळ आपल्या सुश्रुतसंहितेतील अग्निकर्मात, म्हणजे अग्नीने डागण्याच्या विधीत, शोधता येईल का? आधी थेट उत्तर देतो. आज हाती असलेल्या लिखित पुराव्यात अग्नी सुईच्या आधी दिसतो. आरंभीची अनेक शतके तो मुळीच सौम्य नव्हता. आणि अग्निकर्माशी त्याचे साम्य असले, तरी तो तेथून उगम पावला असे म्हणायला आधार नाही. ‘पाच हजार वर्षे’ हा आकडा पीतसम्राट ह्वांगदी या पौराणिक राजाच्या कथेतून येतो. वैद्यकाच्या इतिहासात तो वापरू नये, कारण खरा इतिहास त्याहून अलीकडचा असला तरी कितीतरी अधिक भरीव आहे.

आधी द्रव्य पाहू. मॉक्सासाठी वापरतात ती वनस्पती आर्टेमिसिया प्रजातीतली आहे. जोतिबाला आणि चैत्रातल्या पूजेला वाहतात तो आपला दवणा याच प्रजातीतला, त्यामुळे तिचा उग्र, किंचित कडवट वास मराठी माणसाला अगदीच परका वाटणार नाही. वाळलेले पान तळहातावर चोळले किंवा खलात कुटले की देठ आणि शिरा यांचा भुगा होऊन गळून पडतो आणि पानाच्या खालच्या बाजूची बारीक लव एकमेकांत गुंतून मऊ, करडी-पिवळसर लोकर उरते. चिमूटभर लोकर बोटांत वळली की तिचा छोटा शंकू होतो, तो आकार सोडत नाही, आणि टोकाला निखारा लावला की ज्योत न धरता तळापर्यंत शांतपणे धुमसत जातो. कापूस भडकतो, भुसा विखुरतो. ही लोकर दोन्ही करत नाही. शेकडो वनस्पतींतून हीच का टिकली, याचे निम्मे उत्तर या एका गुणात आहे. पान जितके जुने, तितके चांगले, ही समजूतही फार जुनी आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या मेन्शियस या चिनी तत्त्वज्ञाने राज्यकर्त्यांना सुनावताना सात वर्षांच्या दुखण्यासाठी तीन वर्षे मुरलेले हे पान शोधणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे: आधीपासून साठवून ठेवले नाही, तर जन्मभर मिळणार नाही, असा त्याचा रोख. राजनीतीच्या उपदेशात हा दाखला बिनस्पष्टीकरण येतो, याचा अर्थ ऐकणाऱ्यांना तो व्यवहार ठाऊक होता. च्वांगझीच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात तर स्वतः कन्फ्यूशियस म्हणतो की, आजार नसताना मी स्वतःला डागून घेतले.

आता मुख्य पुरावा. 1973 मध्ये हुनान प्रांतातील छांग्शा शहराजवळ मावांगदुई येथे एका तरुण उमरावपुत्राचे थडगे उघडण्यात आले. थडगे बंद झाले ते वर्ष इ.स.पू. 168. त्यात रेशमी कापडावर लिहिलेल्या अनेक ग्रंथांबरोबर वैद्यकाचेही लेखन सापडले. त्यातल्या दोन लेखांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर ज्यांवर उभे आहे त्या कल्पित मार्गांचे, वर्णन आहे: वाहिनी कोठून निघते, कोठून जाते, ती बिघडली की काय काय दुखते. पायांच्या आणि हातांच्या वाहिन्यांविषयीच्या लेखात प्रत्येक वाहिनीच्या वर्णनाचा शेवट एकाच साच्यात होतो: या सर्व दुखण्यांत अमुक वाहिनीला डाग द्यावा. बस, एवढेच. सुईचा उल्लेख नाही, उपचार करायच्या नेमक्या जागांची, म्हणजे बिंदूंची, नावे नाहीत, आणि पुढे रूढ झालेल्या बारा वाहिन्यांऐवजी येथे अकराच आहेत. आज वर्गात आपण आधी बिंदू शिकवतो, मग सुई, आणि मॉक्सा शेवटी एखाद्या आठवड्यात उरकतो. इतिहासाचा क्रम नेमका उलटा आहे. वाहिन्यांची कल्पना सर्वप्रथम जेथे लिहिलेली दिसते, तेथे तिच्या जोडीला अग्नी आहे.

दुसऱ्या लेखात, पायाच्या शाओयिन वाहिनीपाशी, एक सूचना येते, जी मला या सगळ्या साहित्यातली सर्वांत जिवंत वाटते. या वाहिनीला डाग दिल्यावर रोग्याने बळेच भरपूर खावे, मांस घ्यावे, कमरेचा पट्टा सैल करावा, केस मोकळे सोडावेत, मोठी काठी हाती घ्यावी आणि जड पादत्राणे घालून चालावे, म्हणजे दुखणे सरेल. ही शब्दयोजना जवळजवळ तशीच पुढे ‘लिंगशू’ या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात उतरली आहे. उपचार म्हणजे केवळ त्वचेवरचा निखारा नव्हता. खाणे, चालणे, कपडे सैल करणे हे सारे त्याच उपचाराचा भाग होते.

त्याच थडग्यातल्या ‘बावन्न विकारांवरील उपाय’ या लेखात उष्णतेचे रूप आणखी रांगडे आहे. चामखिळीसाठी जुन्या, झिजलेल्या लव्हाळ्याच्या चटईची काडी काढून दोरीसारखी पिळायची, टोक पेटवायचे, चामखिळीच्या टोकाला डाग द्यायचा आणि ती तापली की उपटून काढायची. लघवी अडल्यास डाव्या पायाच्या मधल्या बोटाला डाग द्यायचा. अंतर्गळासारख्या विकारात तागाचा गाळ मॉक्साच्या पानात गुंडाळून टाळूच्या मधोमध जाळायचा, आणि जागा पिकेपर्यंत जाळायचा. जखमेनंतर अंग ताठरणाऱ्या, धनुर्वातासारख्या विकारात मीठ पिवळे होईपर्यंत भाजून कापडात बांधायचे, कडक मद्यात बुडवून लगेच बाहेर काढायचे आणि डोक्याला शेक द्यायचा. फार तापले तर उचलायचे, सोसेल तसे पुन्हा ठेवायचे. मूळव्याधीसाठी लहान अंडाकृती दगड तापवून सिरक्यात विझवायचे आणि त्यांनी शेकायचे. मिठाच्या पुरचुंडीचा शेक आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही दिला जातो. हे कोणी कोणाकडून घेतल्याचे लक्षण मानू नये; मीठ आणि चूल जेथे आहे, तेथे हा उपाय कोणालाही सुचतो.

हुबेई प्रांतातल्या झांगज्याशान येथील, मावांगदुईपेक्षा थोड्या आधीच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला वाहिन्यांचा ग्रंथ मिळाला. 1983-84 च्या उत्खननातला हा लेख मावांगदुईतल्या लेखाशी बराच जुळतो. म्हणजे रेशमावरचा तो मजकूर एखाद्या वैद्याची खासगी टिपण नव्हती, त्याच्या प्रती फिरत होत्या. या ग्रंथातले एक तत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे: शरीरातला प्राण, ज्याला चिनी वैद्य ‘ची’ म्हणतात, खाली असला की हितकर आणि वर चढला की घातक, तो उबेकडे ओढला जातो आणि गारव्यापासून दूर सरतो, म्हणून ज्ञानी माणूस डोके थंड आणि पाय गरम ठेवतो. उष्णता का द्यायची, याचे इतके स्वच्छ उत्तर पुढच्या भल्याथोरल्या ग्रंथांतही क्वचितच सापडते. ऊब हे येथे ‘ची’ला हाक मारण्याचे साधन आहे.

मात्र यावरून त्या काळी सुई नव्हतीच, असा निष्कर्ष काढू नये. एखाद्या लेखात उल्लेख नसणे म्हणजे वस्तूच नसणे, असे होत नाही. मावांगदुईनंतर अवघ्या अर्धशतकाने, इ.स.पू. 113 मध्ये मरण पावलेल्या ल्यू शेंग या राजपुत्राच्या हबेई प्रांतातील मानछेंग येथील थडग्यात सोन्याच्या आणि चांदीच्या सुया मिळाल्या आहेत. सुई आणि वाहिन्यांचा सिद्धान्त यांची सांगड याच दीड-दोन शतकांत बसली, एवढे म्हणणे सुरक्षित आहे. त्याचप्रमाणे शांग या प्राचीन राजवटीच्या काळात भविष्य पाहण्यासाठी कासवाच्या कवचाला आणि हाडांना तापवून तडे पाडत, त्यावरून शरीराला डागण्याची कल्पना सुचली असावी, असा तर्क काही अभ्यासक करतात. तर्क आकर्षक आहे, पण तो तर्क म्हणूनच शिकवावा.

रेशमावरचे लेख उपाय सांगतात, रोगी दाखवत नाहीत. रोगी भेटतात ते सिमा छ्येनच्या ‘शीजी’ या इतिहासग्रंथात. तेथे छुन्यू यी या इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या वैद्याच्या पंचवीस रोग्यांची हकिकत त्याच्याच तोंडून नोंदवलेली आहे. छी राज्यातल्या एका अधिकाऱ्याचे दात किडले होते. वैद्याने त्याच्या डाव्या यांगमिंग वाहिनीला डाग दिला, कुशेन नावाच्या कडू मुळाचा काढा करून रोज तीन शेंग, म्हणजे साधारण सहाशे मिलिलिटर, चूळ भरायला दिला, आणि पाच-सहा दिवसांत रोगी बरा झाला. कारण काय? वारा लागला, तोंड उघडे ठेवून झोप, आणि जेवल्यावर चूळ न भरणे. दुसऱ्या एका रुग्णेला लघवी अडत होती आणि ओटीपोट दुखत होते. दोन्ही पायांच्या जुएयिन वाहिनीला एकेक डाग देताच लघवी स्वच्छ झाली आणि दुखणे थांबले.

परंतु माझ्या मते या हकिकतींतला सर्वांत मोलाचा भाग अपयशाचा आहे. त्साओ नावाच्या एका रोग्याला आधी दरबारी वैद्याने पाहिले होते. त्याने पायाच्या शाओयांग वाहिनीला डाग दिला, वर औषधी गोळ्या दिल्या. रोग्याला जुलाब लागले आणि पोटातली शक्ती गेली. मग त्याने शाओयिन वाहिनीलाही डाग दिला. छुन्यू यी स्पष्ट म्हणतो की यानेच यकृताचे बळ खोलवर तुटले, आणि ज्याचे शरीर खंगले आहे त्याला डाग, दगडी सुरी आणि तीव्र औषधे देऊ नयेत. उष्णोपचाराच्या लिखित इतिहासाच्या अगदी पहिल्या टप्प्यावरच ‘कोणाला देऊ नये’ हा नियम उभा आहे. गान्सू प्रांतातल्या वूवेई येथे 1972 मध्ये मिळालेल्या लाकडी पट्ट्यांवर तर वयानुसार शरीराच्या कोणत्या भागाला अग्नी लावू नये, याची यादीच आहे. तिच्यात वैद्यकापेक्षा कालगणनेची श्रद्धा अधिक आहे, हे खरे. पण अग्नीचे भय त्या काळी किती खरे होते, हे तीतून कळते.

हान राजवटीच्या काळात (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या महाग्रंथाचे ‘सुवेन’ आणि ‘लिंगशू’ हे दोन भाग. ‘सुवेन’च्या बाराव्या अध्यायात प्रत्येक उपचाराला एक दिशा दिली आहे: टोकदार दगड पूर्वेचा, तीव्र औषधे पश्चिमेची, नऊ सुया दक्षिणेच्या, आणि डाग उत्तरेचा. उत्तरेकडचा प्रदेश उंच, वारा बोचरा, लोक उघड्यावर राहणारे आणि दुधावर जगणारे. त्यांच्या आतल्या अवयवांत थंडी शिरते आणि पोट फुगते. म्हणून त्यांना अग्नी. हा उतारा पाठ्यपुस्तकांत ‘मॉक्साचा उगम उत्तर चीनमध्ये झाला’ या विधानाचा पुरावा म्हणून उद्धृत होतो, आणि तो वापर मला मान्य नाही. चार दिशा आणि मध्य अशा पाच ठिकाणांना पाच उपचार वाटून देणारी ही रचना सिद्धान्ताची आहे, प्रवासवर्णनाची नव्हे. शिवाय अग्नीचे सर्वांत जुने सविस्तर लेख जेथे मिळाले ते छांग्शा यांगत्से नदीच्या दक्षिणेला आहे. उताऱ्यातून घ्यायचे ते एवढेच की थंडीने होणाऱ्या विकारांशी उष्णतेची जोडी तोवर पक्की झाली होती.

‘लिंगशू’मध्ये निखाऱ्याच्या हाताळणीचेही शास्त्र होते. शक्ती वाढवायची असेल तर निखाऱ्यावर फुंकर घालू नये, तो आपोआप विझू द्यावा. साचलेले बाहेर काढायचे असेल तर झटपट फुंकर घालावी. सुई जेथे चालत नाही तेथे डाग योग्य, हेही तेथेच सांगितले आहे. ‘सुवेन’मध्ये कुत्रा चावलेल्या जागी तीन शंकू जाळायला सांगितले आहेत, आणि थंडी-तापासाठी मानेखालच्या मोठ्या मणक्याशी रोग्याच्या वयाइतके शंकू.

पण या ग्रंथातला उष्णोपचाराचा सर्वांत सुंदर नमुना मॉक्साचा नाहीच. तो ‘लिंगशू’च्या सहाव्या अध्यायातला औषधी शेक आहे. थंडीने आखडलेल्या, बधिर झालेल्या सांध्यांसाठी वीस शेंग उत्तम मद्य (साधारण चार लिटर), एक शेंग सिचुआनी मिरी, एक जिन सुंठ आणि एक जिन दालचिनी घ्यायची. जिन म्हणजे तेव्हाचे अडीचशे ग्रॅम. ही मिरी म्हणजे कोकण-गोव्याच्या माशांच्या आमटीतल्या तिरफळाची सख्खी बहीण, त्यामुळे हा उपाय वाचताना मला तरी तो स्वयंपाकघरातला वाटतो. सारे जाडसर कुटून मद्यात घालायचे, त्यात एक जिन रेशमी गुंता आणि चार झांग, म्हणजे नऊ मीटरांहून थोडे अधिक, बारीक पांढरे कापड भिजवायचे, भांड्याचे तोंड लिंपून बंद करायचे आणि घोड्याच्या लिदीच्या धुमसत्या आरात पाच दिवस पाच रात्री ठेवायचे. मग कापड उन्हात वाळवायचे, पुन्हा भिजवायचे, पुन्हा वाळवायचे, सगळा रस संपेपर्यंत. त्या कापडाचे दुहेरी पट्टे शिवून आत चोथा आणि गुंता भरायचा, तुतीच्या कोळशावर ते तापवायचे आणि सुई दिलेल्या जागी शेक द्यायचा. गार झाला की पुन्हा तापवायचा, तीस वेळा. घाम आला की पट्ट्यानेच पुसायचा, मग खोलीतल्या खोलीत फिरायचे, वारा लागू द्यायचा नाही. आणि हे कोणासाठी? ग्रंथ स्पष्ट सांगतो: सामान्य माणसाला सुई टोचल्यावर अग्नीने डागावे, थोरामोठ्यांना औषधी शेक द्यावा. एकाच थंडीवर गरिबाला चटका आणि श्रीमंताला दालचिनीची ऊब. सौम्य उष्णोपचार प्राचीन काळी होता, हे पत्रकांतले म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे; फक्त तो कोणाच्या वाट्याला येत होता, हे पत्रक सांगत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळात झांग झोंगजिंगने ज्वरांवरील आपल्या ग्रंथात अग्नीविरुद्ध कठोर इशारा दिला. नाडी बारीक आणि जलद असेल तर डाग मुळीच देऊ नये. अग्नी वरून क्षीण दिसला तरी आत त्याचा मारा जबर असतो, तो हाडे करपवतो, स्नायूंना इजा करतो आणि गेलेले रक्त पुन्हा भरून येत नाही. हा इशारा वाचताना त्यामागचे रोगी डोळ्यांपुढे येतात: तापाने फणफणलेला माणूस आणि वरून त्याला डागणारा उत्साही वैद्य. ज्वरात मॉक्सा देऊ नये, हा नियम आजही मी शिकवतो तो याच आधारावर.

तरीही अग्नी मागे पडला नाही. ह्वांगफू मी (215-282) याने तीनशे एकोणपन्नास बिंदूंचा संग्रह केला आणि त्यात बिंदूबिंदूला किती शंकू जाळायचे ते नोंदवले. डाग पिकला नाही तर काय, यासाठी पादत्राण तापवून त्या जागी शेकावे, तीन दिवसांत पिकेल, असाही उपाय त्यात आहे. फोड येणे, पू धरणे आणि व्रण उरणे ही तेव्हा उपचाराची चूक नव्हती. ती उपचार लागू पडल्याची खूण होती.

पुढचे मोठे वळण गे होंग (283-343) याचे. अडीअडचणीत हाताशी असावेत अशा उपायांचे त्याचे पुस्तक गावाकडच्या, वैद्य परवडत नसलेल्या माणसासाठी लिहिलेले आहे. म्हणून त्याने बिंदूंची नावे टाळली; शरीरावरची अंतरे मोजून सांगितली, की वाचणाऱ्या साध्या माणसालाही जागा सापडावी. त्वचा आणि निखारा यांच्यामध्ये काहीतरी ठेवण्याची पद्धत त्याच्याकडे स्पष्ट दिसते: गळवावर एकपाकळी लसणीची आडवी चकती ठेवून तीवर शंकू जाळायचे, ओकाऱ्या-जुलाबांच्या साथीत बेंबीत मीठ भरून त्यावर चौदा शंकू. उष्णता पोहोचावी पण कातडी करपू नये, या विचाराची ही खरी सुरुवात. त्याची पत्नी बाओ गू हिचे नाव ग्वांगझो शहरात मॉक्साने चामखिळी घालवणारी वैद्य म्हणून आजही आदराने घेतले जाते. तिच्याविषयीच्या बहुतेक गोष्टी आख्यायिका आहेत, पण स्त्री-वैद्यांच्या दुर्मीळ स्मृतींपैकी ती एक आहे, म्हणून ती जपावी असे मला मनापासून वाटते. पाचव्या शतकातल्या छेन यान्झीने या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगितले: सुईला गुरू लागतो, डाग साधा माणूसही देऊ शकतो.

थांग काळाविषयी थोडक्यात. सातव्या शतकातला सुन सिम्याओ सांगतो की वू आणि शू या दमट प्रदेशांत नेमणुकीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याने अंगावर दोन-तीन ठिकाणी डाग घेऊन ते व्रण भरू देऊ नयेत, म्हणजे तिकडचे विषारी ताप अंगाला लागत नाहीत. 752 मध्ये वांग ताओने आपल्या बृहद्‌ग्रंथात सुई जिवंत माणसाला मारू शकते पण मेलेल्याला उठवू शकत नाही, असे म्हणत सुईचे उपाय वगळून केवळ डागाचे घेतले. दुनह्वांगच्या गुहेतून आलेली, सध्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेली डागाच्या जागा दाखवणारी चित्रे याच काळातली. मॉक्साची इतकी जुनी चित्रे दुसरी माहीत नाहीत. उभ्या माणसाची साधी आकृती, शरीरावर ठिपके, आणि ठिपक्यांपासून कडेच्या मजकुराकडे जाणाऱ्या रेषा.

अग्निकर्माविषयी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात त्वचेसाठी पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाणाचे टोक आणि शलाका, मांसासाठी धातूची साधने, तर शिरा, स्नायू, सांधे आणि हाडे यांसाठी मध, गूळ आणि स्नेह सांगितले आहेत. डागाच्या आकारांचे चार प्रकार आहेत. शरद आणि ग्रीष्म ऋतूंत, तातडीचा प्रसंग सोडून, अग्निकर्म वर्ज्य आहे. ही शल्यतंत्राची दृष्टी आहे: विकृती जेथे, अग्नी बहुधा तेथे, आणि कोणत्या धातूवर कोणते साधन, हा मुख्य प्रश्न. चिनी लेखांत मात्र दात दुखतो तेव्हा वाहिनीला डाग, लघवी अडते तेव्हा पायाच्या बोटाला. शिवाय बौद्ध धर्माबरोबर भारतीय विद्या चीनमध्ये पोहोचू लागली ती इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून. मावांगदुईचे थडगे त्याच्या दोनशे वर्षे आधी बंद झाले होते. दोन संस्कृतींनी स्वतंत्रपणे निखाऱ्याचा उपयोग शोधला, असे मानण्यात आपल्या परंपरेचा काही कमीपणा नाही.

शेवटी केंद्रांत दिसणाऱ्या कागदी कांडीबद्दल, कारण प्रश्नाच्या मुळाशी तीच आहे. कागदात लोकर घट्ट गुंडाळून केलेल्या कांडीचा लवकरचा उल्लेख मिंग काळातल्या झू छ्वान या राजपुत्राच्या वैद्यकग्रंथात येतो, म्हणजे मावांगदुईनंतर सुमारे दीड हजार वर्षांनी. तेथेही ती हवेत धरून फिरवायची नव्हती. बिंदूवर कागदाचे थर ठेवून पेटलेले टोक त्यांवर दाबायचे होते. त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर कांडी धरून ऊब देण्याची आजची रीत त्याही नंतरची आहे. ती सुरक्षित आहे आणि रोग्याला सोसते, म्हणून मी तीच वापरतो आणि तीच शिकवतो. पत्रकात मात्र तिच्यापुढे हजारो वर्षांचा आकडा लावू नये; तो मान जुन्या चटईच्या पेटत्या काडीचा आणि पिकलेल्या डागाचा आहे.